बाबांच्या हातांवरचा हिरवा

काल आमच्या घरी जे कोणी आलात, त्यांनी बाबांचे स्वच्छ हात पाहिले.

ते मी घासून स्वच्छ केले होते. बाबा गेल्यानंतर.

हे लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, माझ्या पाठीवरून हात फिरवलात. हे लपवलं तर ते सांत्वन मी फसवून घेतलं असं होईल.

बाबा मूळचे माकुणसारचे. तारापूर एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत कामगार होते. कापडाला लागतो तो रंग.

आमच्या एमआयडीसीजवळच्या बोईसरच्या माणसाला जास्त सांगायला नको. टपरीवर चहाचा ग्लास धरलेला हात बघूनच कळतं, हा कलरवाला.

आमच्या घरात चमच्याने जेवणारे बाबा एकटेच. साहेबी थाट म्हणून नव्हे. बोटांचा रंग भाताला लागू नये म्हणून.

रिटायर झाल्यावर हात हळूहळू साफ झाले. नखं सगळ्यात शेवटी.

मग माझ्या मुलीने, सानूने, यूट्यूबवर रंगीत वाळू पाहिली. कागदावर गोंदाने चित्र काढायचं, त्यावर वाळू भुरभुरायची. मी म्हटलं, विकत आणू.

बाबा म्हणाले, "इकत कशाला? सगळा जलम रंगात गेला माजा."

पहिली खेप पार फसली. एडवणच्या किनाऱ्यावरची वाळू न धुताच रंगवली. मिठामुळे ती सुकेचना, बरणीत चिखल.

"आजोबा, व्हिडिओत वाळू आधी धुतात!"

"मंग आदी सांगाचं ना, मॅडम."

"सांगत होते. तुम्ही तेवढंच स्किप केलंत!"

पुढच्या खेपेला त्यांनी रंगाची अख्खी बाटली ओतली. आई ओरडली, "आवो, टब हाय तो, कंपनीचा ड्रम नाय!"

मग जमलं. वाळू गोड्या पाण्यात धुवायची, चाळायची. खायचा रंग आणि थोडं व्हिनेगर घालून हाताने मळायची. गच्चीत पेपरवर पसरायची. हात पुन्हा रंगले. बाबा खुशीत. बिल्डिंगमधली पोरं बरण्या घेऊन रांगेत.

शेजारचा एकजण म्हणाला, काका, कंपनीतली पुडी आणून देतो, एक चिमूट टाका, पक्का रंग. बाबा त्याच्यावर असे भडकले की तो जिनाच उतरला.

"पोरांचे हात हायत ते. पक्का कशाला पायजे? धुतल्यावर जायाला नको?"

परवा त्यांनी हिरवी वाळू केली. काल सकाळी चहा पिता पिता गेले.

मी पालघरच्या आमच्या घरून पोचले तेव्हा बाबा हॉलमध्ये चटईवर होते. अंगावर चादर. हात बाहेर. मनगटापर्यंत हिरवे.

आणि माझ्या मनात काय आलं?

ऑफिसचे लोक निघालेत. सासरचे नाशिकहून निघालेत. त्यांना वाटेल, मुलगी-जावई नोकरीला, आणि हा म्हातारा अजून कलर कंपनीत जात होता.

हे रडण्याच्या आधी आलं मनात. खरं तेच लिहिते आहे.

मी मोरीतून साबण आणि पाणी आणलं.

आई म्हणाली, "काय करतंस?"

"माणसं येतायत, आई."

"येऊ दे की. ती काय हात बघाया येतायत?"

मी ऐकलं नाही.

वाटलं होतं, खूप घासावं लागेल. पण तो पोरांसाठी निवडलेला रंग. तांब्याभर पाण्यात गेला. माझ्या बापाचे हात कोणाचेही हात झाले.

दुपारी आतेसासूबाई म्हणाल्या, "किती स्वच्छ, टापटीप दिसतायत हो." मी मान हलवली.

मग सानूला तिचे बाबा घेऊन आले. ती आजोबांजवळ बसली. त्यांचा हात उचलून तळवा वर केला आणि नुसती बघत राहिली.

"कुठला होता, मम्मा?"

मला कळेना.

"वाळू केली की आजोबा हात धुवत नाहीत. आधी मला व्हिडिओ कॉलवर दाखवतात. मी रंग ओळखायचा. काल माझा क्लास होता, तर म्हणाले, उद्या दाखवतो. नक्की."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "रातच्याला चमच्यान जेवले. हात धुवा बोलली, तर नाय बोलले."

मी म्हटलं, "हिरवा होता."

"मग कुठे गेला?"

खोली माणसांनी भरलेली. मी म्हटलं, "आजोबांनीच धुतला असेल."

ज्यांना उत्तर देता येणार नव्हतं, त्यांच्यावर ढकललं.

सानूने त्यांचा हात खाली ठेवला. "मला न दाखवताच?"

त्यानंतर ती त्यांच्याजवळ गेली नाही. उचलताना बोलावलं, तरी दाराशीच उभी राहिली. रुसून.

मी केलेल्या कामासाठी ती त्यांच्यावर रुसली, आणि ती रुसलेली असतानाच त्यांना नेलं.

आज हे लिहायला बसण्याआधी तिला सांगितलं. "रंग मी धुतला. आजोबांनी तुझ्यासाठी ठेवला होता."

"का धुतलास?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

"कुठले लोक?"

मी काल आलेल्या तुम्हा सगळ्यांचे चेहरे आठवून पाहिले. एकाचंही नाव घेता आलं नाही.

ती माझ्याशी बोलत नाहीये. बोलू नये. रुसवा योग्य जागी आला आहे.

बाबा, तुम्ही दिलेला शब्द मोडला नव्हता. तिला आता माहीत आहे.

तुमच्या रंगलेल्या हातांना नमस्कार. या आता.