काठावरची हवा अन् आमचे सर

ज्या ऑफिसात काम कमी अन् हवा जास्त, तिथं किस्से साचणारच! आर्वीच्या आमच्या हवामान ऑफिसात मी फुग्यात गॅस भरणारा शिपाई. आणीबाणी उठली त्या साली पुण्याहून केळकर सर आले, अन् किश्श्यांचा साठा एकदम वाढला.

सरांचं एकच वेड. बंगालकडून विदर्भावर येणारे ते मोठमोठे हवेचे भोवरे! "गुलाबराव, आतली हवा आतच फिरते. काठ ओलांडून सहजासहजी बाहेर पडत नाही."

म्या म्हटलं, "आमच्या मंडळीसारखीच, सर! माहेरी गेली का तिथंच फिरते."

सर गंभीर. "व्यास किती?"

*

एकदा सरांनी माझ्या भाताच्या गंजात, त्या पातेल्यात, पाणी गरगर फिरवलं अन् मधोमध नीळ टाकली. निळं वर्तुळ मधेच फिरे, काठाकडे जाईच ना. सर खूश! ते चष्मा पुसून राह्यले होते, तेवढ्यात म्या गंजाले हळूच ढोसलं. एक निळी शेपटी सर्रकन बाहेर!

"धक्का कुठून आला?"

"उत्तरेकडून, सर!"

"शाब्बास! तसाच येतो!"

माझी खोडी शास्त्रात जमा!

*

पण या वेडापायी सरांचं लग्न जमेना. नागपुरात दोन ठिकाणी नकार. एका घरी पोरीच्या आईनं कढीत पळी घातली, तर सर पंगतीत ओरडले, "ढवळू नका! भोवरा स्थिर होतोय!"

तिसरं स्थळ जवळच्या रोहणा गावचं, तिथल्या शाळेच्या गुरुजींची मुलगी. सर म्हणाले, "गुलाबराव, हे शेवटचं. नाही जमलं तर पुन्हा कुठं जाणार नाही." मले कसंतरीच झालं.

*

आर्वी स्टँडवर रोहण्याची एसटी लागली. दाराशी ही गर्दी! सर गर्दीच्या कडेकडेनं फिरत राह्यले. गेली ना बस निघून!

"काऊन नाई चढले, सर?"

"काठावरचे आत कसे शिरतात, ते पाहत होतो."

"मंग? कसे शिरतात?"

"कोपरानं."

*

शेवटी एका बैलबंडीत बसून निघालो. रस्त्यात म्या बजावलं, "तिथं हवेचं नाव काढू नका, सर!"

सरांनी ते इतकं मनावर घेतलं, का तोंडच उघडेनात. गुरुजींनी हे विचारलं, ते विचारलं. सर गप्प! गुरुजी माझ्याकडे वळले, "पाहुणे मुके हायेत का जी?"

आता उठायचीच पाळी. तेवढ्यात मुलगी, सुमन, चहा घेऊन आली. सर कपात पाहून घामाघूम.

"काय पडलं त्यात?" सुमननं विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाह्यलं. म्या हात जोडले. "बोला आता, सर!"

"साय... मधेच फिरतेय. काठाकडे येत नाही."

सुमन कपावर वाकली. "फुंकून पाहू?" अन् एका बाजूनं अशी फुंकर मारली, का सायीची लांब शेपटी निघाली अन् कपाच्या कडेवर चढली.

"आली! काठ ओलांडून आली!" सर ताडकन उभे!

गुरुजी दचकले. "कोण आली?"

सुमननं पदर सावरला.

"मी, बाबा."