मनाचा दगड आधी

एस्तेरबाईंच्या दारात जाऊन काय बी मागितलं की त्या आधी इचारायच्या, "जमेल का म्हणतेस, चालेल का म्हणतेस, की पाहिजेच म्हणतेस?" मीठ मागा, चाळन मागा, चुलीला इस्तव मागा, हेच. मला हसू यायचं, चिमूटभर मीठ कुनाला पायजेच असतंय व्हय? मी आपली दर खेपंला म्हनायची, "चालंल का, बाई?" मंग त्या बोळक्या तोंडानं हसायच्या. "शेवंते, तुला दुसरा शब्द ठाऊकच नाही का गं?" मीठ मातुर द्यायच्या, वाटी भरून.

नगरला पोरींच्या शाळंत त्यांनी इंग्रजी शिकवलेलं. म्हातारपनी राहुरीजवळ आमच्या गावात भावाच्या घरी आल्या, मंग भाऊ बी गेला आन् त्या एकट्याच ऱ्हायल्या. पांढरं पातळ, डोईवर पदर, चष्म्याची एक काडी मोडलेली तिथं दोरा. रविवारी यष्टीनं राहुरीच्या चर्चला जायच्या. त्यांचं घर आन् आमचं घर, मधी फकस्त एक कडुनिंब.

दुष्काळाचं साल हुतं. मुळा नदी नुसती वाळू. समदं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडाया जायचं, रेशनला परमुलखातली तांबडी मिलो जवारी यायची, ती शिजवली तरी दाताखाली कचकच. टँकर आला की मी बाईंना बी एक हंडा भरून द्यायची. एक दिवस हंडा उतरवला आन् तोंडातून निघूनच गेलं, "बाई, मला इंग्रजी शिकवाल का?"

"चौथीतून शाळा सुटलेली तू. इंग्रजी कशाला?"

कशाला, ते कसं सांगू. माझा थोरला, नाव घेत न्हाई मी त्याचं, हगवन लागली म्हनून मोठ्या दवाखान्यात नेल्ता. दिवे लागायच्या वक्ताला घंटा झाली आन् परमुलखातल्या एक सिस्टर आल्या, इंग्रजीतच बोलायच्या, हातानं समद्या आयांना भाईर काढलं, तसा नेमच हुता तिथला. मी गेले. पायरीवर बसले. परत आत बोलावलं तवा तो गार हुता. तवा मंजू मांडीवर हुती, सालाची बी नव्हती, जरा कन्हली की मी तिच्या नाकाशी हात धरून बघायची. मी बाईंना येवढंच म्हनले, "मला तितं बोलता आलं पायजे. पोरीजवळ ऱ्हाऊ द्या म्हनून."

बाईंनी चष्मा काढून पातळाला पुसला. मंग म्हनल्या, "तेवढ्याला तीन दगड पुरे."

दुसऱ्या दिशी ओट्यावर चुलीसारकं तीन दगड मांडून बसल्या, नदीतलं, गुळगुळीत. "हा पहिला मनाचा. कॅन म्हणजे जमतं. मे म्हणजे चालेल का. शुड म्हणजे करावं. हा दुसरा कामाचा. बस, ऊठ, राहा. याला मनाच्या मागं उघडाच बसवायचा, मधे 'टू' नाही, मागं 'आयएनजी'चं शेपूट नाही. आणि हा तिसरा जागेचा. कशात, कशाखाली, कुणाजवळ. दोनच दगड मांडलेस तर भांडं कलंडतं. आणि मनाचा दगड आधी, कायम आधी."

तवापासनं माझं खुळ्यासारकं झालं. खडी फोडता फोडता मी म्हनायची, आय कॅन सिट अंडर द ट्री. मी झाडाखाली बसू शकते. झाड तर कुठंच नव्हतं, नुसतं ऊन, रस्ता पान्यावानी हलायचा, मानसं त्यात तरंगल्यासारकी, आन् मी म्हनायची, अंडर द ट्री, आन् खरंच गार वाटायचं. वाक्य फिरायचं डोक्यात, जात्यावर ओवी फिरती तसं. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, त्या म्हनायच्या, "काय गं पुटपुटतीस? इलायतंला निगालीस का काय? जाताना मिलो घेऊन जा, म्हनावं परत घ्या तुमची!" समद्या बाया खिदळायच्या. मी बी.

दुपारची बाईंची शिकवनी म्हंजी झोपंतली गोष्ट. लिंबाची पानं टपटप पडायची, मंजू सावलीत पडल्या पडल्या पाय चोखायची, बाई डोळं मिटून म्हनायच्या, मी त्यांच्यामागं म्हनायची. नियर द डोअर. इन द रूम. माझ्या लेकरासाठी तिसरा दगड आला, विथ माय चाईल्ड. माझ्या लेकराजवळ. तो म्या तोंडात खडीसाखर घोळवावी तसा घोळवला. समदं मिळून झालं, मे आय स्टे विथ माय चाईल्ड? लेकराजवळ ऱ्हायलेलं चालंल का?

"झालं की, बाई," मी म्हनले.

बाईंनी खिडकीतनं एक काळा दगड काढून माझ्या हातात दिला. "हाही मनाचाच, मस्ट. पाहिजेच. हा रोज काढायचा नाही शेवंते, रोज काढला तर कुणी ऐकत नाही. पण घरात असावा."

मी तो पदरात बांधला आन् इसरले.

चैतात मंजूला हगवन लागली. तीच. डोळं खोल गेलं, टाळू आत बसली, माझं मालक कामावर मुकादमाला सांगून पळत आलं आन् आमी यष्टीनं निगालो, मी वाटभर तेच वाक्य म्हनत, देवाचं नाव घ्यायचं सोडून. तोच दवाखाना. तोच वार्ड. मंजूला सलाईन लावली. दिवे लागले आन् घंटा झाली, आन् त्याच सिस्टर आल्या.

मी म्हनले. चुकले न्हाई. "मे आय स्टे विथ माय चाईल्ड?"

त्यांनी मान हालवली. "नो." हातानं दार दावलं.

बाया गठुडी उचलाया लागल्या. मी बी उठले. मानसाला सवय असती ना, उठायची. दारात आले, एक पाय भाईर टाकला आन् पायाखाली ती पायरी आली. तीच. गार. पदराच्या गाठीत काळा दगड मांडीला लागला.

मी माघारी फिरले आन् खाटंचा दांडा धरला. "आय मस्ट स्टे विथ माय चाईल्ड."

सिस्टर लई बोलल्या, भराभर, मला त्यातलं एक अक्षर कळंना. त्यांचं सरलं की मी परत तेच म्हनले. तिसऱ्यांदा म्हनले तवा माझाच आवाज मला लांबनं आल्यासारका वाटला, सपनात कुनी हाक मारावी तसा. सिस्टरनी माझ्या हाताकडं बघितलं, दांडा धरलेल्या. मंग पायानं एक स्टूल सरकवलं आन् हळूच म्हनल्या, "बस. रडू नको. आवाज नको. कळला?"

मराठीत!

सलाईनचा थेंब पडायचा, मंग दुसरा. मी मंजूचं बोट धरून थेंबाकडं बघत ऱ्हायले. उजाडलं तवा तिनं डोळं उघडलं आन् पान्याला तोंड वासलं.

गावात आल्यावर बाईंना सांगितलं. "म्हणजे तिला मराठी येत होतं?" म्हनून त्या येवढ्या हसल्या की चष्मा मांडीवर पडला. "अगं, मग माझं इंग्रजी फुकट गेलं की!"

"फुकट कसं, बाई? दगड तुमचाच हुता."

त्या डोळं पुसाया लागल्या. दिसत तर त्यांना आता कायच नव्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हनूनच पुन्याहून पुतन्या आला, आप्रेशनला न्यायला. मी मंजूला कडंवर घेऊन गेले. "बाई, फाट्यापातूर येऊ का?"

"जमेल का, चालेल का, की—"

"पायजेच."

त्यांनी माझा दंड धरला. फाट्यापातूर नुसत्या हसत ऱ्हायल्या. यष्टीत बसल्यावर खिडकीतनं हात काढला. "आय विल कम टू युवर हाऊस."

"विल? ह्यो कंचा दगड, बाई?"

"हा राहिलाच शिकवायचा. आल्यावर."

यष्टी गेली, फुफाटा उडाला, समदं पांढरं झालं. बाई आल्या न्हाईत. राहुरीच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी निरोप दिला, आप्रेशनच्या आधीच ताप आला आन् गेल्या. मला राग आला त्यांचा. खोटं बोलल्या म्हनून राग. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले तर लिंबाची पानं पडत हुती.

दवाखान्यापासनं मी मंजूला सोडून कुठं गेलेच न्हाई. कामावर बी न्हाई. आत्याबाई म्हनल्या, "आता पोरगी चालाया लागली, किती दिस पदराला बांधशील?" मंग काल निगाले. मंजूनं पाय धरलं, रडून रडून काळी निळी झाली, माझा बी पाय उचलंना. आन् माझं तोंड आपसूक उघडलं, "येईन गं. मी तुझ्याजवळ येईन."

वळनावर गेल्यावर उभीच ऱ्हायले. बाईंचा शिकवायचा ऱ्हायलेला दगड, विल, तो ह्योच. येईन. मनाचा दगड आधी.

खडीतनं एक गुळगुळीत बघून घेतला. सांजच्याला घरी आले तर मंजू उंबऱ्यातच बसलेली, रस्त्याकडं तोंड करून. मी तो दगड तिच्या मुठीत दिला. तिनं तो तोंडात घातला, चाखला, आन् मला परत दिला.