खुंटीवरचा चहा

मी आयुष्यात दोनच मोठी कामं केली. नववीत शाळा सोडली आणि एका ऐतिहासिक कादंबरीचा नायक बदलला. दोन्ही घाबरून केली.

मी परभणीकडचा. लग्नानंतर भाड्याची खोली मिळेना, तेव्हा सासूबाईंनी ठाण्यात, कोपरीतल्या आपल्या घरात ठेवून घेतलं. "मिळेपर्यंत राहा," म्हणालेल्या, त्याला तीन वर्षं झाली. त्यांचे उपकार एवढे, की पंखासुद्धा मी एकवरच लावतो.

तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायला बंदी, आणि लवकरच त्यांच्या वाचक मंडळाची एका ऐतिहासिक कादंबरीवर चर्चा. बायको रूपाली सकाळीच कामाला जाते, माझी कोलशेतच्या कारखान्यात दुसरी पाळी.

"जावईबापू, तुम्हीच वाचून दाखवा," सासूबाई काळा चष्मा लावून म्हणाल्या. (शाळा सोडताना वाटलेलं, मोठ्यानं वाचायचं एकदाचं सुटलं.)

नायक रणधीरराव सरदार. त्यानं किल्लेदाराच्या मुलीला, चंद्रावतीला, लग्न करून आणलं आणि पहिल्याच दिवशी तिचं ताट लाथाडलं.

"मेल्या!" सासूबाई ओरडल्या. माझ्याकडे बघून. "असं वागतात बायकोशी?"

"मी नाही आई, सरदार."

"आवाज तुमचाच होता."

त्या दिवशी सासूबाईंनी भरलेल्या माझ्या डब्यात सुरमईचं शेपूट आलं. दुसऱ्या दिवशी सरदारानं चंद्रावतीचा हात पिरगाळला, तर नुसता रस्सा. पुस्तक जाडजूड, सरदार सुधारायचं लक्षण नाही आणि आमचं बिऱ्हाड सासूबाईंच्या मर्जीवर. तिसऱ्या दिवशी मी 'हात उगारला'च्या जागी 'हात जोडला' वाचलं. डब्यात मधली तुकडी आली.

मग मी थांबलोच नाही. सरदार जिथे जिथे गरजला, तिथे तिथे त्यानं "जेवलात का?" विचारलं. सगळं सुरळीत चाललेलं, आणि एकदा नजर जिभेच्या मागे पडली.

"सरदारांनी खुंटीवरचा चा..." इथे पुढचं अक्षर दिसलं. चाबूक.

"खुंटीवरचा काय?"

"चहा, आई. चहा काढला."

"खुंटीवर?"

"किटली टांगलेली."

"मग?"

"दिला तिला. आल्याचा."

सासूबाईंचे डोळे भरून आले. (डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, मला वेगळीच धास्ती.) त्यानंतर सरदार घोड्यावरून उतरला की आधी चहा टाकायचा.

चर्चा रविवारी आमच्याच घरी ठरली. मी स्वयंपाकघरात नऊ कपांचं आधण ठेवून उभा. बाहेर मंडळाच्या अध्यक्ष करंदीकरबाई, वर्तकनगरच्या निवृत्त शिक्षिका, तापलेल्या. "असल्या राक्षसाला नायक म्हणायचं?"

"पण बाई, प्रेम आहे ना त्याचं," शेजारची स्नेहा म्हणाली. "नंतर रडतो पण. मला तर जाम आवडला."

"अगं, परवा नवऱ्यानं ओला टॉवेल बेडवर टाकला म्हणून तू माहेरी गेलेलीस."

"तो कुठे सरदार आहे?"

"राक्षस काय, राक्षस?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "इतका गरीब माणूस. रोज चहा करून देतो तिला."



"चहा? त्या काळी?" करंदीकरबाई म्हणाल्या. "कुठल्या पानावर?"

"तो खुंटीवरचा काढतो, तिथे."

पानं उलटली. मग करंदीकरबाईंनी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "सरदारांनी खुंटीवरचा चाबूक काढला."

नेमका मी ट्रे घेऊन दारात. नऊ बायका माझ्याकडे बघताहेत आणि माझ्या डोक्यात एकच, परभणीची गाडी किती वाजता.

"बापू," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सरदाराचं काय केलंत?"

"आई, मारायचा तो आणि उपाशी मी."

कुणीतरी फिसकन हसलं. करंदीकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शाळा कितवीत सोडलीत?"

"नववीत."

"बरं केलंत. दहावीत मीच नापास केलं असतं."

सासूबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला. "आल्याचा आहे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "म्हणजे माझा सरदार घरातच आहे. बापू, खोलीबिली शोधायची नाही आता."

मला रडूच येणार होतं. पण माझ्या मागोमाग रूपाली बिस्किटं घेऊन आलेली, आणि तिनंही ते ऐकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं ओट्यावरच्या भिंतीत एक खुंटी ठोकून घेतली. तिच्यावर चहाचं गाळणं असतं. रोज सकाळी सहाला आतून दोघींची हाक येते, "सरदार, चाबूक काढा."

मी काढतो. आणि आलं किसायला घेतो.