रिजेक्ट केलेले दोन फोटो

हे वाचून कोणी म्हणेल, 'मॅडम, थोडी सुट्टी घ्या...' म्हणा. एकोणीस वर्षं मीही इतरांना तेच म्हणत आले. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. प्लेटवर उमटतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या बाता.

मी रत्नागिरीत एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. तळमजला, खिडकी नसलेली खोली. एप्रिलमधली सकाळ, साडेअकराचा सुमार, बाहेर ही रांग. आत आली सुनंदा — पंचेचाळिशीची, लांज्याकडच्या आतल्या गावातली. महिनाभर खोकला. नवरा मुंबईत वॉचमन. सोबतची जाऊ बाहेर बसली होती.

"मंगळसूत्र काढा," मी म्हटलं. धातू किरण अडवतो, फोटोत पांढरा डाग येतो आणि मागे काही असेल तर ते झाकलं जातं.

"नको ओ म्हाडम. मालक तकडं एकटं हायत."

"फोटो खराब येईल."

"मग काला दोरा तरी बांधूंद्या. पिशवीत हाय माज्या. रिकामा गला नको... तुमी पन बायमानूस ना!"

दोऱ्याने काही बिघडत नाही. पण रांग होती, मी वैतागले होते. "इथे फोटो काढायचाय, हळदीकुंकू नाही," असं फटकन बोलले. तिने मंगळसूत्र काढून स्टीलच्या ट्रेत ठेवलं. ट्रे मी माझ्याजवळ, शिशाच्या काचेमागे घेतला.

"श्वास भरून धरा. हलू नका."

स्क्रीनवर फोटो आला — आणि छातीवर मंगळसूत्र! दोन वाट्या, मण्यांची ओळ. ती खोकल्याने हलली होती, त्यामुळे बरगड्या धुरकट. वाट्यांच्या कडा मात्र अगदी स्पष्ट. माणूस हलला की अंगावरचंही हलतं ना... मग? वाटलं, फोटो ज्या प्लेटवर उमटतो ती कॅसेट नीट पुसली गेली नसेल, आधीचा फोटो राहिला असेल. पण आधीचा पेशंट आंब्यावरून पडलेला गडी, आणि फोटो त्याच्या घोट्याचा! कॅसेट बदलली. पुन्हा तेच. ट्रेतलं मंगळसूत्र मी हातात घेऊन पाहिलं.

सुनंदा स्क्रीन बघून चक्क हसली. "बगा, त्ये काय माज्या गल्यातनं जात नाय."

खराब फोटो ठेवायचा नाही, ही माझी शिस्त. दोन्ही रिजेक्ट केले, पुसून टाकले. तिसरा काढला — स्वच्छ. मला हायसं वाटलं. तेवढ्यात बाहेर जावेने हंबरडा फोडला. मुंबईहून फोन होता... सुनंदाचा नवरा ड्युटीवर, खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता.

ट्रे अजून माझ्याजवळच होता.

दीड महिन्याने ती आली. वाटलं, आता माझ्या थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंगलसूत्र सासरच्यांनी काढून घेतलानी. त्ये पयले दोन फोटो द्याल? माज्या गल्यात दिसत व्हतं त्यात."

"पुसले," मी म्हटलं.

मग तिसऱ्याची प्रिंट दिली. तिने ती ट्यूबलाइटसमोर धरली, गळ्याच्या जागी बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात ठेवली. "ह्यात काय हाय?"

कंपनीच्या इंजिनिअरने मशीन, कॅसेट सगळं तपासलं, दोष नाही. पुसलेले फोटो परत येत नाहीत म्हणाला. ते दोन फोटो कसे आले, मला आजही माहीत नाही. दोरा एक्स-रेत दिसत नाही, हे मात्र मला तेव्हाही माहीत होतं.