पहिल्या बुडीचा मान

गाव सोडून पांडेसऱ्यात मिलच्या कामाला आलेल्या आमच्या खानदेशी माणसांचा एक नियम आहे. संक्रांतीच्या सकाळी सगळ्यांनी मिळून तापीत पोहायचं, पण पहिली बुडी सगळ्यांत थोरल्याची. तो डोक्यासकट भिजत नाही तोवर बाकीच्यांनी पाण्याला पाय लावायचा नाही. नदी आपल्या गावाकडून येते, तिला आधी थोरल्याने भेटावं म्हणे. बरीच वर्षं हा मान माझ्या वडिलांचा, आबांचा होता. कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या वाफेत जन्म काढलेला माणूस, पण त्या गार पाण्यात असा घुसायचा की बघणाऱ्याला हुडहुडी भरावी.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. काठी आली. मी बजावलं, "घाटावर यायचं, बसायचं, तीळगूळ खायचा. पाण्याचं नाव काढलंत तर गाठ माझ्याशी आहे." मला वाटलं, ऐकलं.

कसलं ऐकतायत! घाटावर पोचतो न पोचतो तोच एका हाताने शर्टाच्या गुंड्या काढायला लागले. "आबा, माझ्या जिवावर उठलात का?" मी डाफरले. पंचवीस-तीस माणसं टॉवेल गुंडाळून दात वाजवत उभी, आणि एकही पुढे होईना. आबांच्या खालोखाल वयाने मिलमधले त्यांचे जोडीदार काका. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी उतरा, माणसं गारठली." काका भलतीकडेच बघायला लागले. मग मी आबांकडे पाहिलं. एवढासा झाला होता चेहरा. दोन महिने त्यांचं सगळं अंथरुणात केलं मी, कधी खचले नाही. तो चेहरा मात्र मला बघवेना.

"चला! पण हात सोडलात तर याद राखा," म्हणत मी पदर खोचला. आजवर बायका काठावरच थांबायच्या. मी आबांना धरून पाण्यातल्या पायरीवर बसवलं. अगं आई गं, काय ते पाणी! पायांत सुया टोचल्या. तांब्या भरून आबांच्या डोक्यावर ओतला आणि वर बघून ठणकावलं, "डोकं भिजलं, बुडी झाली. कोणाला काही म्हणायचंय?" कोणाची टाप होती!

"आते उतरा रे!" आबा ओरडले, आणि सगळे धबाधब पाण्यात पडले.

काका तेवढे आमच्याजवळ थांबले होते. आबा त्यांना म्हणाले, "पुढला सालले पहिली बुडी तू मार." मी इतकी भांडले तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, आणि आता आपणहून मान देऊन मोकळे.

"भाऊ, तू शे तवलोंग मी पहिले उतराव नही," काका म्हणाले. आबा असेपर्यंत ते काही आधी उतरणार नव्हते. आमच्याकडे पाठ करून त्यांनी बुडी मारली.

आबा उजव्या हाताने तोंडावर पाणी मारून घ्यायला लागले. एकदा, दोनदा, थांबेचनात. मी मात्र सरळ रडले, सगळ्यांदेखत.