कुलूपवालं झाकण

आजीनं गाडी विकायला नकार दिला, एवढं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. का दिला, हे त्यांना फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळलं आहे. म्हणून सगळी हकीकत मी आजीच लिहून पाठवते.

आजोबांची पांढरी गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. ती जुन्या पद्धतीची आहे. तुमच्याकडच्या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हिच्यात मागच्या टाकीतलं पेट्रोल एक छोटा पंप नळीतून ओढतो आणि पुढे कार्बोरेटर नावाच्या भांड्यात सोडतो. तिथे ते हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं. सकाळी इंजिन गार असताना चोकची मूठ ओढायची, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जातं. गाडी तापली की मूठ आत ढकलायची. हे मी आजोबांकडून शिकले आणि ते गेल्यावर गाडी मीच चालवते.

पुंडलिकनगरच्या आपल्या घरात वर मी राहते आणि खाली माझे धाकटे दीर व जाऊबाई. अंगणात शेड एकच, त्यात आपली गाडी. दिरांनी मोठी नवी गाडी घेतली, ती शेडबाहेर कडुलिंबाखाली उभी राहते. ती घेतल्यापासून त्यांना माझ्या प्रकृतीची फार काळजी वाटू लागली.

त्याच सुमारास आपली गाडी अधूनमधून बंद पडू लागली. चांगली चाललेली असायची, मग हळूहळू दम सोडल्यासारखी व्हायची, दोन-चार आचके द्यायची आणि थांबायची. बराच वेळ उभी ठेवली की आपोआप चालू व्हायची.

दिरांनी ते माझ्याच माथी मारलं. एका संध्याकाळी जिना उतरताना मी त्यांचा आवाज ऐकला. ते तुमच्या बाबांशी बोलत होते. "अरे, गाडीला काही झालं नाही. वहिनी चोक आत ढकलायला विसरतात. परवा गॅससुद्धा चालू होता म्हणे. वय झालं की होतं असं. तू मुलगा आहेस, तूच सांग त्यांना."

गॅस चालू नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला असं सांगू? ह्यांनी सांगितलं असेल मनानं." त्यानंतर रात्री तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, आता विकून टाक ना. शेडही मोकळी होईल." शेडचा विषय त्यांना तिकडे बसून सुचला नव्हता.

मी वाद घातला नाही. शाळेत शिक्षिका असताना मी मुलांना इंग्रजीतून विज्ञान शिकवलं, आणि रागाच्या भरात प्रयोग करायचा नाही हेही शिकवलं. आधी दोष शोधायचा, मग दिरांकडे बघायचं, असं ठरवलं.

चोक बाहेर राहिला तर इंजिनात पेट्रोल जास्त जातं आणि ठिणगी पाडणारे प्लग काळे, ओले होतात. पुढच्या वेळी गाडी थांबली तेव्हा मी तिथेच प्लग काढून पाहिला. कोरडा होता. म्हणजे पेट्रोल जास्त जात नव्हतं, पोचतच नव्हतं. दिरांचं म्हणणं तिथेच खोटं ठरलं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

आपले नेहमीचे मिस्तरी किराडपुऱ्यात बसतात. त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, त्याची बारीक भोकं फुंकली, पंप तपासला. मग बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली, टाकीची नळी काढून पंपाला बाटलीची जोडली आणि गाडी फिरवून आणली. काही झालं नाही. टाकीची नळी हवा मारून साफ केली, टाकी उतरवून धुतली, पुन्हा फिरवली. तरीही काही नाही.

"मॅडम, मेरे पास तो मस्त चलती है," ते म्हणाले. "तुमच्याकडं आली की रुसते. लाडावून ठेवली तुम्ही."

"टाकीवर चालवून पाहिली?"

"हौ ना. टाकीत पेट्रोल टाकून, वर फडकं कोंबून, छावणीपर्यंत जाऊन आलो."

त्या फडक्याकडे माझं लक्ष गेलं नाही. जायला हवं होतं. आम्ही दोघंही इंजिनाकडे बघत होतो.

लक्ष गेलं ते बिडकीनच्या रस्त्यावर. मैत्रिणीकडे जाताना मी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती, आणि गाडी नेहमीपेक्षा लवकर थांबली. तेव्हा आठवलं की मागच्या खेपेलाही टाकी भरल्यावर ती लवकरच थांबली होती. पेट्रोल तळाला असताना मात्र कुरकुर न करता गावभर फिरायची. पेट्रोल भरपूर तर गाडी बंद, कमी तर चालू. भेसळ म्हणावी तर उरलेलं पेट्रोलही तेच होतं.

टाकीत खरंच पेट्रोल आहे ना, हे बघायला मी झाकणाची किल्ली फिरवली. लोणच्याची घट्ट बरणी उघडताना होतो तसा आवाज झाला, पण लांबलचक. टाकी हवा आत ओढत होती. आवाज थांबल्यावर स्टार्टर मारला, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

पाण्याची बाटली ओठांनी गच्च धरून पीत राहा. बाटली आत चेपते आणि पाणी येईनासं होतं. टाकीचं तसंच. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. या झाकणाला ते नव्हतं. मिस्तरींच्या फडक्यातून हवा जात होती, म्हणून त्यांच्याकडे गाडी रुसली नाही. टाकी भरलेली असली की वर मुळातच हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. गाडी उभी ठेवली की झाकणाच्या आट्यांतून हवा झिरपायची आणि ती पुन्हा चालायची.

ते चकचकीत, कुलूपवालं झाकण गाडी बंद पडू लागण्याच्या थोडंच आधी दिरांनी दिलं होतं. "वहिनी, हल्ली पेट्रोल चोरतात," असं म्हणून स्वतःच्या हातानं बसवलं होतं.

मी मुद्दाम विचार करून पाहिला, त्यांना ठाऊक असेल का? नसावं. तेवढं त्यांना गाडीतलं कळत नाही. त्यामुळे झाकणाचा राग मी मनात ठेवला नाही. फोनचा ठेवला.

जुनं झाकण आजोबांच्या बिस्किटांच्या डब्यात सापडलं, भोकासकट. ते मी पर्समध्ये ठेवलं. टाकीवर दिरांचंच झाकण राहू दिलं.

दिरांच्या मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, यांनी घाटाच्या वर शेत घेतलं आहे. त्यांनी जेवायला बोलावलं. दिरांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. मी म्हटलं, माझ्या गाडीतून जाऊ. आदल्या आठवड्यात मी एकटी त्या रस्त्यानं दोनदा जाऊन आले होते. टाकी गळ्यापर्यंत भरली की गाडी दोन्ही वेळा दौलताबादचा किल्ला मागे टाकून चढ सुरू झाल्यावर थांबली. तिथे रस्त्याकडेला भरपूर जागा आहे. सीताफळवाल्या बसतात.

व्याही गावातच राहतात, ते पुढे माझ्याशेजारी बसले. मागे जाऊबाई आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यात दीर. पडेगाव जाईपर्यंत त्यांनी व्याह्यांना माझी कीर्ती सांगून टाकली.

"काय आहे व्याही, वहिनी एके काळी उत्तम चालवायच्या. आता चोकचं लक्षात राहत नाही."

"असं का?" व्याही माझ्याकडे बघत म्हणाले.

मी चोकची मूठ आत असल्याचं त्यांना बोटानं दाखवलं.

किल्ला मागे पडला. चढावर गाडीनं दम सोडला, आचके दिले. मी ती कडेला घेतली.

"बघा," दीर म्हणाले.

"भाऊजी, मला काही कळत नाही बाई आता," मी म्हटलं आणि हत्यारांची पिशवी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

ऊन मी म्हणत होतं. त्यांनी बॉनेट उघडलं. एक नळी ओढली, ती पुन्हा घातली. एक प्लग काढला, पोळून खाली टाकला. कुडत्यावर काळा पट्टा उमटला. मग म्हणाले, ढकलू या. व्याह्यांना कंबरेचं दुखणं, म्हणून चढावर एकट्यांनीच ढकललं.

एक सीताफळवाली हसून म्हणाली, "काका, लई थकली व्हय गाडी? का तुमीच?"

"तू फळं विक," दीर म्हणाले.

"इकतेच की. तुमी बसा सावलीला, दोन खावा."

अखेर त्यांनी घाम पुसत सगळ्यांसमोर निकाल दिला. "इंजिन गेलं. वहिनी, ही भंगारात घाला."

त्या वाक्याची मी वाट पाहत होते. मी व्याह्यांना मागे बोलावलं आणि म्हटलं, ऐका. झाकणाची किल्ली फिरवली. तो लांबलचक आवाज सीताफळवालीलाही ऐकू गेला. दिरांनी काढलेला प्लग बसवला, गाडी चालू केली आणि लगेच बंद केली.

"हे झाकण कुठलं, ताई?" व्याह्यांनी विचारलं.

"भाऊजींनी दिलं. भोक नाही त्याला."

व्याही आधी तोंड दाबून हसले, मग मोकळेपणानं.

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या मुलाला फोन लावा."

"घरी गेल्यावर लावतो."

"इथे रेंज चांगली आहे. आणि गाडीची किल्ली माझ्याकडे आहे."

त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या सीताफळं निवडत होत्या. दिरांनी फोन लावला. "हां, ऐक. गाडी ठीक आहे. वहिनींची काही चूक नव्हती."

"चोकचं सांगा."

"चोकही नव्हता."

"आणि गॅस."

गॅसला त्यांना वेळ लागला. पण सांगितलं.

मग मी पर्समधलं जुनं झाकण लावलं आणि नवं त्यांच्या हातात दिलं. शेतापर्यंत ते मांडीवर धरून बसले. तिथे हात साबणानं धुऊनही पेट्रोलचा वास जात नव्हता. भरीत फार चांगलं झालं होतं. त्यांनी अर्धी भाकरी पानात टाकली, मी भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मला वाईट वाटलं का, असं तुमच्या बाबांनी विचारलं. नाही वाटलं. माझे हात-पाय थकले तर मी स्वतः सांगेन. पण माझी बुद्धी गेली असं कुणी शेडच्या जागेसाठी सांगितलं, तर त्याला उन्हात गाडी ढकलावी लागणारच.

गाडी शेडमध्ये आहे. कडुलिंबावर कावळ्यांनी घरटं केलं आहे. रोज सकाळी दीर बादली घेऊन नवी गाडी पुसायला येतात. मी चहा घेऊन गॅलरीत उभी राहते आणि विचारते, "भाऊजी, फडकं देऊ का?"