बुलेट ट्रेनमधले दोन पेले

आमचे हे लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. मुलांना गणितं घालायची ती जपानच्या बुलेट ट्रेनची, आणि स्वतःचा प्रवास मुरुडच्या एसटीपुरता. रिटायर झालो की दोघं जाऊ, म्हणायचे. गेल्या वर्षी हेच गेले. मग मी रागारागाने जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास काढला. एकटीचा.

"काकू, एकट्याच चाललात, भ्या न्हाई वाटत?" शेजारची शमीम म्हणाली. ती शिवणकाम करते. तिनं परकराला आतून खिसा लावून दिला. "पास हरवला तर दुसरा न्हाई देत म्हणं. हात लावून बघत जा."

जाणाऱ्यांसाठी सांगते: सगळ्यात वेगवान गाडीला हा पास जास्तीचे पैसे भरल्याशिवाय चालत नाही. तिच्या खालची घ्या, तीही काही कमी पळत नाही. टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडची खिडकी मागा, फुजी दिसतो. शाकाहारी असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. मी तीन दिवस तेच खाल्लं, आणि बोलले फक्त स्वतःशी.

चौथ्या दिवशी क्योटोची गाडी धरली. बसल्या बसल्या पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढून समोरच्या फळीवर एकावर एक पालथे ठेवले. किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही असेच उशाशी ठेवायचो. वरचा पडला की पळायचं. लोकांची सवय सुटली, माझी नाही. ह्यांची झोप कुंभकर्णाची, म्हणून उठवायचं काम माझं.

गाडी अडीचशेच्या पुढे गेली, पण पेला हलला नाही. ह्यांना किती आनंद झाला असता! फुजी ढगात होता. शेजारचे प्रवासी पेंगत होते, माझाही डोळा लागला.

अचानक डब्यातले सगळे फोन एकदम किंचाळले. दिवे गेले, गाडीला जोराचा ब्रेक लागला आणि पेला खणकन पडला. मी शेजारच्याचा खांदा गदागदा हलवला. "अहो, उठा! उठा की!"

एक म्हातारे जपानी गृहस्थ दचकून जागे झाले. मी लाजेनं मेले, आणि मग रडूच कोसळलं. त्यांनी खाली वाकून पेला उचलला, रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी मला दिला. भूकंप दूर कुठेतरी झाला होता, फोन त्याचाच इशारा देत होते. अर्ध्या तासानं गाडी निघाली.

लातूरला परत आले, बॅग रिकामी केली. शमीम चहाला आली. "कशी हाय मग ती गाडी?"

"उठवायला कुणी असलं तर चांगली आहे," मी म्हटलं.

दोन्ही पेले धुतले. उशाशी नेले नाहीत. एकात तिला चहा दिला, एकात मी घेतला.